भाऊ पेंटरचं पळतं अक्षर

माझ्या वर्गातल्या मुलांची अक्षरं एकाएकी उजवीकडे कलायला लागली, तेव्हा मी आधी जमिनीला दोष दिला. अंबरनाथच्या आमच्या प्राथमिक शाळेची खोली मुळात कुणाची तरी भाताची कोठी होती आणि तिची जमीन दाराकडे उतरती होती. मुलं मांडीवर पाटी घेऊन त्या उतारावर बसत. म्हणून मी त्यांची तोंडं भिंतीकडे फिरवली. अक्षरं तरीही उजवीकडेच. शेवटी एकाला उभं केलं आणि विचारलं, "काय रे, 'क' असा काढायला तुला कुणी शिकवलं?"

तो म्हणाला, "आमच्या दारावर असाच आहे, बाई."

त्याच्या दारावर, माझ्या दारावर, आमच्या चाळीतल्या झाडून सगळ्या दारांवर तो तसाच होता. आणि तो तसा काढणारे भाऊ पेंटर माझ्या शेजारच्याच खोलीत राहत होते. मी आईबरोबर त्या चाळीत राहायला आले त्याच दिवशी, सामान अजून गाडीवरून उतरत असताना, त्यांनी न विचारता आमच्या दारावर आमचं आडनाव लिहून टाकलं होतं. आईला ते फार आवडलं. मला त्यातली शिरोरेघ अर्धवट सोडलेली दिसली आणि ती पुढची काही वर्षं रोज कुलूप लावताना दिसत राहिली.

भाऊंचं खरं नाव सीताराम, गाव वेंगुर्ल्याकडचं. खरं नाव फक्त रेशनकार्डावर असायचं. उंच, काटकुळा माणूस. रंगाच्या डब्यांची झोळी उजव्या खांद्याला अडकवून अडकवून तो खांदा कायमचा उतरलेला, त्यामुळे चालताना तेही आपल्या अक्षरांसारखेच कललेले दिसत. कुंचला कानावर ठेवायची सवय असल्यामुळे कानाच्या पाळीवर रंग असायचाच, आणि सध्या काम कुठल्या रंगाचं चाललंय हे चाळीला त्यावरून कळे. हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. बोलताना बोट हवेत चालायचं, चहा पिताना बशीतून सांडलेल्या थेंबाने फरशीवर चालायचं. एकदा कुणाकडे सत्यनारायण होता. भाऊंनी बसल्या बसल्या पाटावरच्या तांदळात यजमानांचं नाव लिहून ठेवलं. भटजींना वाटलं, यांच्याकडे तशी पद्धत असेल. त्यांनी त्याच नावावर कलश ठेवला आणि पुढचे मंत्र सुरू केले.

अक्षर कसं होतं ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. आम्ही शाळेत कित्ता शिकवायचो, त्यातलं अक्षर सावधान उभं राहिल्यासारखं असे. भाऊंचं अक्षर चालत असे. त्यांच्या 'र'ने एक पाय पुढे टाकलेला असायचा. 'ल'ला गाठी नसत, नुसती एक गिरकी. काना ताठ नसे, किंचित वाकलेला. वेलांटी मागच्या अक्षराचं बोट धरून निघे आणि पुढच्याच्या खांद्यावर जाऊन टेके. शिरोरेघ ते अगदी शेवटी, एका दमात मारत, आणि त्या दमात कुठे हात उचलला जाई तर कुठे शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचं राहून जाई. लांबून पाहिलं तर वाटे, कुणीतरी घाईघाईत पण हसत हसत लिहून गेलंय.

त्या संध्याकाळी मी मुलांच्या पाट्या पुरावा म्हणून घेऊन त्यांच्या दारात गेले. "भाऊ, तुमची अक्षरं सरळ उभी का राहत नाहीत?"

त्यांनी पाट्या एकेक करून पाहिल्या. माझ्याकडे लक्षच नव्हतं. "अरे वा," म्हणाले, "हेचो 'ग' बघा बाई. बरो काढल्यान."

"मी काय विचारते?"

"बाई, अक्षरांक पाय असतत. उभी र्‍हवान र्‍हवान दमतत ती." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी पाट्या गोळा करून परत आले.

भाऊ माझ्याशी पुस्तकी मराठीत सुरुवात करत आणि दोन वाक्यांत वेंगुर्ल्याला पोचत. ते तिथे मनाने सतत असतच. त्यांची बायको सावित्री आणि दोन मुलं गावाकडे, तिच्या माहेरी राहत होती. भाऊ इथे एका कारखान्यात रंगाऱ्याचं काम करत, पण 'टेंपरवारी'. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की जावई कायम झाला की मुलगी पाठवीन, तोवर नाही. भाऊंनी खोली मात्र तयार करून ठेवली होती. भिंतीवर तीन खुंट्या मारलेल्या आणि प्रत्येकीखाली त्यांच्या अक्षरात नाव, सावित्री, कुसुम, बाळा. त्यांवर कधी काही टांगलेलं नसे. स्वतःचा सदरा ते दोरीवर टाकत. आई एकदा त्यांच्याकडे वाटी द्यायला गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी मोठी झाली.

कारखान्यात कायम व्हायचं तर चाचणी द्यावी लागे. रंगाऱ्याची चाचणी म्हणजे सूचनेची पाटी लिहिणं. आणि खरी अडचण तिथेच होती, कारण भाऊंच्या हाताला सूचना देताच येत नसे.

याचा अनुभव आमच्या चाळीने घेतला होता. चाळीच्या विहिरीवर बायका कपडे धूत आणि साबणाचं पाणी परत विहिरीत झिरपे. चाळमालकाने भाऊंना सांगून तिथे मोठी पाटी लावली, 'येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे'. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहते तर रोजच्यापेक्षा जास्त बायका आणि त्यांत आमची आई.

"आई, पाटी वाचली नाहीस?"

"वाचली की," आई पिळे घालत म्हणाली, "पण रागावल्यासारखं नाही वाटलं गं."

खोटं नव्हतं ते. त्या 'सक्त'मधला 'स' असा काही झुलत होता, की कुणीतरी या, बसा म्हणतंय असंच वाटावं. 'मनाई'तला 'ई' तर नुसता पदर सावरत होता. चाळमालकाने ती पाटी उतरवली आणि विहिरीवर एक भांडखोर म्हातारी बसवली. तिचा उपयोग झाला.

चाचणीची तारीख लागली तेव्हा मीच पुढाकार घेतला. म्हटलं, भाऊ, रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायचं आणि कित्ता गिरवायचा. अक्षर उभं राहिल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. त्यांनीही मुकाट्याने ऐकलं. चाळीच्या ओट्यावर, मांडी घालून हा एवढा उंच माणूस बोरू घेऊन बसे आणि मी फूटपट्टी घेऊन शेजारी. पहिली ओळ झकास यायची. एकेक अक्षर शिपायासारखं ताठ. दुसऱ्या ओळीला भाऊ जरा घामाघूम होत. तिसऱ्या ओळीला कुठेतरी एखादा 'र' हळूच पाय पुढे टाकी, मग त्याच्या मागचा 'म' त्याच्याकडे झुके, आणि ओळ संपेपर्यंत सगळी पलटण फिरायला निघालेली असे.

"भाऊ, मुलांचा विचार करा," मी म्हणत असे.

"तेंचोच विचार करतंय, म्हनान तर हात पळता," ते म्हणत. थट्टा नव्हती ती. त्यांचा चेहरा रडवेला असे.

चाचणीच्या दिवशी लिहायला मिळालं ते, 'धोका. परवानगीशिवाय आत येऊ नये'. भाऊंनीच घरी येऊन सांगितलं, काहीही न लपवता. 'धोका' चांगला आला. 'परवानगी' ओळीत बसला. 'आत येऊ नये'पाशी हात सैल झाला. फोरमन लांब उभा राहून पाहत होता. जवळ आला, पुन्हा लांब गेला आणि म्हणाला, "पेंटर, ये बोर्ड डराता नहीं. ये तो बुलाता है." त्यानंतर महिनाअखेर काम बंद, असं कळलं.

भाऊंनी कुंचले घासलेटमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले आणि दाराशी ठेवून दिले. मला म्हणाले, "बाई, आता वेंगुर्ल्याची बोट धरूची. सासऱ्याच्या घरात ऱ्हवान तेचीच माडां राखूची."

मला त्या फोरमनचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भाऊंचाही आला. तीन शब्द सरळ काढता येऊ नयेत माणसाला! पण रात्रभर मला त्या रिकाम्या खुंट्या दिसत राहिल्या. सकाळी मी त्यांना म्हटलं, "कॅम्पातली ती पाटी केलीत ना तुम्ही? आणखी मिळतील. महिनाअखेरपर्यंत थांबा."

कॅम्प म्हणजे आजचं उल्हासनगर. नाव नवं पडलं होतं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळी बांधलेल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची वस्ती, आणि बराकींच्या पुढ्यात गोणपाटाच्या, पत्र्याच्या आडोशाने दुकानं उभी राहत होती. तिथे लधाराम नावाचे एक गृहस्थ होते. शिकारपूरहून आलेले. त्यांची म्हातारी आई पापड लाटायची, ते विकायचे, आणि आता पत्र्याचं का होईना, दुकान झालं म्हणून त्यांना मराठीत पाटी हवी होती. गिऱ्हाईक मराठी होतं ना. भाऊंनी ती पाटी चाळीच्या ओट्यावर बसून रविवारी लिहिली, 'लधाराम पापडवाले', पिवळ्यावर निळी, आणि वाळल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून पोचती केली. ती गल्ली दुकानांनी भरत चालली होती. त्या पाटीकडे बघून आणखी चारपाच कामं आली तर भाऊ राहणार होते. नाही आली तर बोट. इतकं ते सरळ होतं.

पुढच्या रविवारी मी आईबरोबर पापड आणायच्या निमित्ताने मुद्दाम त्या गल्लीत गेले. लधारामच्या दुकानासमोर गर्दी होती. मला आनंद झाला. मग दिसलं की गर्दीतली मराठी माणसं माना वाकड्या करून वर बघतायत आणि तोंडावर हात ठेवून हसतायत. मीही वर पाहिलं.

पाटी उलटी टांगली होती.

नीट खिळे मारून, झेंडूची माळ घालून, दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटं लावून, उलटी. शिरोरेघ खाली आणि अक्षरं तिच्यावर डोक्यावर उभी. दुकानात लधाराम पांढऱ्याशुभ्र पायजम्यात बसले होते आणि आपली पाटी लोकांना किती आवडली म्हणून खुशीत होते. आसपासचे दुकानदार सगळे सिंधी. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे धावणारी. देवनागरी त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हती, त्यामुळे सांगणार कोण? मराठी गिऱ्हाइकांना फुकटची करमणूक, ती कशाला सांगतील? मी सांगायला तोंड उघडलं, पण म्हातारी आतून आईसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मी तो घ्यायला हात पुढे केला. पापड घेऊन मी तशीच परतले.

भाऊंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "उलटी? मेल्यान उलटी कशी लावल्यान?" मग ते मटकन ओट्यावर बसले. "झाला. आता त्या गल्लीत माका कोण पाटी देतलो? उलटो पेंटर म्हनतले." त्यांचं खरं होतं. हसण्यावारी गेलेल्या माणसाला बाजारात काम मिळत नाही.

"चला," मी म्हटलं, "जे होईल ते समोरासमोर होऊ दे."

आम्ही गेलो तेव्हा ऊन कलत होतं. भाऊ पाटीखाली उभे राहिले, चष्मा पुसून पाहिलं, आणि लधारामना हात जोडून म्हणाले, "सेठ, पाटी उलटी आसा." लधारामना कळेना. मी हिंदीत सांगितलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, बाहेरच्या माणसांकडे पाहिलं, आणि आठवडाभर लोक का हसत होते ते त्यांच्या एकदम लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. अपमानाने माणूस कसा लहान दिसतो ते मी तेव्हा पाहिलं.

"साईं," ते भाऊंना म्हणाले, "आपने बताया क्यों नहीं, सिर किधर है और पैर किधर?"

"तां सांगूचा लागता?" भाऊ माझ्याकडे वळून कुजबुजले.

"मैंने देखा, एक लंबी लकीर है," लधाराम हाताने हवेत रेघ काढून दाखवत होते, "मैंने सोचा, अक्षर इसके ऊपर खड़े होंगे. नीचे लटके हुए अक्षर किसने देखे? खूँटी पर कपड़े लटकते हैं, साईं, नाम थोड़े ही लटकता है."

आजूबाजूचे दुकानदार जमले होते. त्यांतल्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांना लधारामचंच बरोबर वाटत होतं. मी मास्तरीणबाईच्या आवाजात देवनागरीची रचना समजावून सांगायला लागले, की ही आमची शिरोरेघ, अक्षरं हिच्यापासून निघतात, ही नसेल तर अक्षर बोडकं दिसतं. लधारामनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहेनजी, ऊपर की लकीर आप रख लो. मुझे नीचे ज़मीन चाहिए."

कुणी हसलं नाही. ते मुद्दाम काही भारी बोलले नव्हते. पाटीबद्दलच बोलत होते. पण ज्या गल्लीत बोलले तिथे प्रत्येकजण जमीन सोडून आलेला होता.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचं बोट हवेत चालायला लागलं होतं.

"माका द्या ती पाटी," ते म्हणाले. खिळे त्यांनीच उपटले, माळ काढून म्हातारीच्या हातात दिली आणि पाटी झोळीसारखी खांद्याला लावून चालू लागले. त्या संध्याकाळी त्यांनी निळं सगळं पिवळ्याने झाकून टाकलं. रंग वाळेपर्यंत ते ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. वाळल्यावर पुन्हा लिहायला बसले, आणि मी जिंदगीत न पाहिलेली गोष्ट पाहिली. 'लधाराम पापडवाले' अक्षरं नेहमीसारखी, पळती, एकमेकांना धरून. 'ले' काढून झाला आणि आता शिरोरेघ येणार म्हणून मी वाट पाहत होते. भाऊंनी कुंचला वर नेलाच नाही. 'ले'चा उभा दंड तसाच खाली ओढला, त्याला वळण दिलं आणि तो उलटा, उजवीकडून डावीकडे, सबंध नावाच्या खालून नेत नेत पहिल्या 'ल'च्या पायाशी आणून सोडला. सुरुवातीला जाड, मग बारीक, टोकाला एक हलकी उसळी. वर काही नाही. खाली एक लांब शेपूट, आणि त्या शेपटावर सगळं नाव उभं.

"भाऊ," मी म्हटलं, "हे बोडकं आहे."

"आसा," ते म्हणाले, "पन पडाचा नाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. लधारामनी पाटी हातात घेतली, तिरकी करून पाहिली, मग त्या शेपटावरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, जसं ते स्वतः आयुष्यभर लिहीत आले होते. फिरवता फिरवता त्यांच्या मिशा हलल्या.

"अमां!" त्यांनी आत हाक मारली. "अचो, डिसो!" म्हातारी पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि लधाराम गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अब देखो, ये हमारी तरफ़ चला!"

मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच पिंपावर टेकले. भाऊ मात्र उभेच होते, हात जोडलेले, आणि ते सोडायचे असतात हे विसरून गेलेले. शेजारचा काचसामानवाला पुढे झाला आणि म्हणाला, "साईं, मेरा भी ऐसा. पूँछवाला." त्याच्या मागून गोळ्या-बिस्किटवाला. त्याच्या मागून चपलावाला. सगळ्यांना शेपूटवाली पाटी हवी होती.

महिनाअखेर आली आणि गेली. बोटीचं नाव निघालं नाही. भाऊंना श्वास घ्यायला फुरसत नसे. पाट्या झाल्या, मग टांग्यांच्या पाठी, सोड्याच्या खोक्यांच्या बाजू, लग्नाचे कापडी फलक, गणपतीच्या मांडवाची कमान. बदलापुराहून एक भातगिरणीवाला माग काढत आला. मला वाटलं, आता हा माणूस जे मिळेल ते लिहीत सुटणार. पण भाऊंना आपलं अक्षर नेमकं ठाऊक होतं. एका वैद्यबुवांना हाडं बसवण्याची पाटी हवी होती, ती त्यांनी लिहिली नाही. "हाड मोडलेल्या माणसाक हसणाऱ्या अक्षराची चीड येतली," म्हणाले. स्मशानातल्या लाकडाच्या वखारीचं काम आलं, तेही हात जोडून परत केलं. "ह्या अक्षर दुकानाक चलता, बारशाक चलता, लग्नाक चलता. सुतकाक चलना नाय." अशी कामं ते कल्याणच्या एका पेंटरकडे पाठवत. त्याचं अक्षर कसं शिपायासारखं होतं. पुढे बाजाराचा रंग बघून तोही शेपटं काढायला लागला, आणि चांगली काढायचा, ते निराळं.

मी वर्गात शिरोरेघ सोडली नाही. आजही सोडत नाही. पण एखाद्या मुलाचा 'र' पाय पुढे टाकून आला तर त्याच्या पाटीवर फुली मारायचं मी बंद केलं, एवढं खरं.

सासऱ्यांचं मात्र काही हलेना. पाट्या रंगवणं ही त्यांच्या लेखी नोकरीच नव्हती. कायमचा कागद कुठे आहे, हेच ते दर वेळी विचारत. भाऊ कुठून आणणार तो? बाजारात हातभर काम आणि खोलीत एकटे, असं पुढचं वर्ष गेलं. मग एके दिवशी त्यांच्या गावचा एक खलाशी चाळीत येऊन उभा राहिला आणि निरोप सांगून गेला, "सावित्रीन सांगल्यान हां, कायम होवचा तेवा होवा. ती पोरांक घेवन येता."

"आनि सासरो?"

"तेका तिनाच सांगल्यान."

भाऊ माझ्या दारात आले. कानाच्या पाळीवर तांबडा रंग होता आणि चेहरा पांढरा. "बाई, तुम्ही चला स्टेशनावर. माका भीती वाटता."

"बायकोची?"

"पोरां माका वळाखतली काय?"

कल्याण स्टेशनावर मुंबईहून गाडी आली, आणि हातात बोचकं, काखेत करवंट्यांची पिशवी अशी एक ठेंगणी बाई फलाटावर उतरली. भाऊ तिच्याकडे बघत उभे राहिले. तीही बघत उभी राहिली. बाळा तिच्या लुगड्याआड लपला. कुसुम तेवढी पुढे झाली आणि भाऊंच्या कानाकडे बोट दाखवून म्हणाली, "रगत इला तुमका." ते रक्त नाही, रंग आहे, हे समजावण्यात पहिली काही मिनिटं गेली, आणि ती बरी गेली.

लधारामच्या आईने बजावलं होतं की पहिलं जेवण आमच्याकडे. म्हणून टांगा कॅम्पाच्या बाजाराकडे घेतला. सावित्रीवहिनी भाऊंच्या शेजारी, मुलं मध्ये, मी पुढे टांगेवाल्याजवळ. इतक्या दिवसांनी भेटलेल्या माणसांना लोकांसमोर बोलायचं तरी काय? बाजार लागला. वहिनी दुकानांकडे बघत होत्या. एकाएकी त्यांनी हात बाहेर काढला.

"ही तुमची."

काचसामानवाल्याची पाटी. भाऊंनी मान हलवली.

"ही तुमची. ती थंयसरची, तीय तुमची."

मी मागे वळून विचारलं, "वहिनी, वाचता येतं तुम्हाला?"

"माका खंय वाचूक येता, बाई! हेंची कागदां येत, ती वाचूक मी दुसऱ्याक देई. मगे परत घेवन नुसती बघत बसंय." त्या लाजल्या आणि पुन्हा रस्त्याकडे वळल्या. "ही तुमची. ही तुमची."

चपलावाला, बिस्किटवाला, शिंपी. एकेक करत त्या सांगत होत्या, भाऊ मान हलवत होते. पुढे सोडावाटरचं नवं दुकान लागलं. लांबलचक पाटी, 'र'ने पाय पुढे टाकलेला, खाली झोकदार शेपूट, टोकाला उसळी. इतक्या वर्षांची शेजारीण मी, शपथेवर सांगितलं असतं की ती भाऊंची. वहिनींचा हात वर गेला आणि थांबला. त्यांनी मान एका बाजूला केली.

"ही न्हय," त्या म्हणाल्या.

भाऊंनी वळून आधी पाटीकडे आणि नंतर वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हय. ती कल्याणवाल्याची." आणि सदऱ्याच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड, पोरांसमोर.

लधारामची गल्ली आली. मी उतरले. लधाराम दारात उभे होते, आतून तळलेल्या पापडांचा वास येत होता. पण भाऊ टांगेवाल्याला म्हणाले, "वळू नको. सरळ घे. सगळो बाजार फिरव." टांगा दारावरून पुढे गेला. लधाराम दोन पावलं मागे धावले, "अरे साईं, घर इधर है! खाना ठंडा होगा!" कुणी ऐकलं नाही. मी रस्त्यात उभी राहून बघत होते. टांगा लांब जात होता, त्याच्या एका बाजूने बांगड्यांचा हात बाहेर येई, मग दुसऱ्या बाजूला दाखवी, आणि भाऊंची मान प्रत्येक वेळी होय, होय, अशी हलत होती.